ऑप्शन फॉर्मपासून ऑफर लेटरपर्यंत : गोराईतल्या भावी इंजिनिअरांसाठी

सीईटीचे पर्सेंटाइल हाती आले की गोराईतल्या सोसायट्यांमध्ये दरवर्षी तेच प्रश्न ऐकू येतात. एवढ्या पर्सेंटाइलला कॉम्प्युटर मिळेल का? मेकॅनिकलला आता काही स्कोप राहिलाय का? मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेऊन टाकू का? चार वर्षांनी त्याच घरांतून पुढचा प्रश्न येतो : ऑफर आलीय, पण दोन वर्षांचा बाँड आहे, सही करू का?

या सगळ्या प्रश्नांची निम्मी उत्तरं कुठे ना कुठे लिहिलेली असतात : माहितीपुस्तिकेत, फीच्या आदेशात, ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर. ती वाचण्याआधीच आपण शेजाऱ्यांचा, क्लासवाल्यांचा आणि व्हॉट्सॲपचा सल्ला घेतो. म्हणून पुढची मांडणी निर्णय ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने केली आहे. तुम्ही ज्या टप्प्यावर असाल तिथून वाचा.

१. आधी कागद, मग कॉलेज

जागा हुकण्याचं सर्वांत टाळता येण्याजोगं कारण म्हणजे अपुरे दाखले. बोरिवली तहसील कार्यालयात निकालानंतर झुंबड उडते. तुमचा अर्ज अकरावीतच 'आपले सरकार' पोर्टलवरून गेलेला असू द्या.

- अधिवास दाखला : दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाली असली, तरी राज्याच्या कोट्यासाठी अधिवासाचा किंवा महाराष्ट्रात जन्म झाल्याचा पुरावा लागतो.
- जात वैधता प्रमाणपत्र : जातीचा दाखला पुरेसा नाही, पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र वेगळं. त्याला महिने लागू शकतात. गोराई-मनोरीच्या कोळी कुटुंबांनी विशेष काळजी घ्या. 'कोळी' ही नोंद विशेष मागास प्रवर्गात येते, तर महादेव कोळी, मल्हार कोळी या अनुसूचित जमाती आहेत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय, ते आधी पाहा. पडताळणीत बरंच काही त्याच्यावर ठरतं.
- नॉन-क्रिमिलेअर : प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष संपतं त्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं हवं. मुदत संपलेलं चालत नाही.
- ईडब्ल्यूएस : राज्याच्या प्रवेशासाठी राज्याचा नमुना आणि जेईईसाठी केंद्राचा. एकाच्या जागी दुसरा लावला की अर्ज खुल्या गटात जातो.
- उत्पन्नाचा दाखला : फी सवलतीचा पाया हाच.

२. दहावीनंतर डिप्लोमा की बारावीनंतर पदवी?

वेळेचा हिशेब सारखाच आहे. अकरावी-बारावी आणि चार वर्षांची पदवी मिळून सहा वर्षं. डिप्लोमाची तीन आणि थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन पदवीची तीन, हीसुद्धा सहाच. फरक वेगळ्या ठिकाणी आहे.

डिप्लोमाला सीईटी नाही. दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. वांद्र्याचं शासकीय तंत्रनिकेतन किंवा विलेपार्ल्याचं भागूभाई मफतलाल तंत्रनिकेतन मिळालं, तर फीही आवाक्यात राहते. शिवाय तीन वर्षांनी रेल्वेतल्या ज्युनिअर इंजिनिअरसारख्या पदांना तुम्ही अर्ज करू शकता. घरची परिस्थिती बेताची असेल, तर मध्येच कमावण्याचा हा दरवाजा मोलाचा आहे.

खड्डा एकच, पण खोल. थेट दुसऱ्या वर्षात आलेल्या मुलांना तिसऱ्या सेमिस्टरचं गणित जड जातं, कारण बरोबरच्यांनी पहिल्या वर्षात दोन पेपर दिलेले असतात. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत पहिल्या वर्षाचं गणित उरकून घ्या.

३. शाखा कशी ठरवाल?

२०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या कॉलेजांवरची प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि एआय-डेटा सायन्सच्या जागा भराभर वाढल्या. जागा वाढल्या, पण सगळ्या कॉलेजांत शिकवणारे त्या प्रमाणात वाढले नाहीत. तुमच्यासाठी याचा अर्थ असा :

- कॉम्प्युटर, आयटी, एआय, सायबर सिक्युरिटी यांचा पायाभूत अभ्यासक्रम बराचसा सारखा असतो. पाटीवरच्या नव्या नावासाठी चांगलं कॉलेज सोडू नका.
- नव्याने सुरू झालेल्या शाखेची एकही तुकडी बाहेर पडलेली नसेल, तर तिचं प्लेसमेंट कुणालाच माहीत नाही, कॉलेजलाही नाही.
- मेट्रो, गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता, वर्सोवा-दहिसर-भाईंदर किनारी रस्ता आणि उपनगरांतले पुनर्विकासाचे प्रकल्प यांमुळे सिव्हिलला मुंबईत काम आहे. मात्र पहिली दोन-तीन वर्षं साइटवरची : ऊन, धूळ आणि सुरुवातीला बेताचा पगार. ते मान्य असेल तरच जा.
- मेकॅनिकल-इलेक्ट्रिकलचे कारखाने मुंबईबाहेर गेले. चाकण, नाशिक, तळोजा इथे राहायची तयारी ठेवली तर या शाखा बंद नाहीत. 'बोरिवलीतूनच अप-डाऊन करीन' म्हणाल, तर अडचण आहे.

मुलाला कोडिंग आवडतं की नाही, हे ॲडमिशनआधी पाहता येतं. दोन महिने पायथनचा एखादा मोफत कोर्स करायला सांगा. तिसऱ्या आठवड्यात लॅपटॉप आपणहून उघडत असेल तर उत्तर मिळालं.

४. कॉलेज निवडताना चार आकडे मागा

गोराईतून रोज जाता येईल अशी कॉलेजं बरीच आहेत. माउंट पोयसरचं सेंट फ्रान्सिस आणि मालाड-मार्वे रस्त्यावरचं अथर्व ही जवळची. कांदिवली पूर्वेला ठाकूर. बोरिवलीहून मेट्रो २अ पकडून अंधेरी पश्चिमला उतरलात, तर भवन्सच्या आवारातली सरदार पटेलच्या नावाची दोन वेगवेगळी कॉलेजं सोयीची पडतात. त्यांतलं 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' अंशतः अनुदानित आहे, त्यामुळे त्याच्या अनुदानित शाखांची फी कमी; 'इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' विनाअनुदानित. दोन्हींचे कोड नीट बघूनच भरा. माटुंग्याचं १८८७ पासूनचं व्हीजेटीआय, विलेपार्ल्याचं संघवी आणि मुलींसाठी जुहूच्या एसएनडीटी आवारातलं उषा मित्तल हेही यादीत धरा. खाडीपलीकडच्या गोराई गावातल्या मुलांनी लाँचची वेळ आणि ओहोटी धरूनच रोजच्या प्रवासाचा हिशेब करावा. संध्याकाळचं प्रॅक्टिकल लांबलं तर परत कसं यायचं, हा प्रश्न पहिल्याच महिन्यात येतो.

अंतरानंतर आकडे. एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती उघडा आणि तुमच्या मनातल्या प्रत्येक कॉलेजसाठी हे चार आकडे वहीत उतरवा :

- पहिल्या वर्षी किती मुलांनी प्रवेश घेतला
- त्यांतली किती चार वर्षांत पास झाली
- किती जणांना नोकरी लागली
- मध्यक पगार, म्हणजे सगळे पगार ओळीने लावल्यावर बरोबर मधे येणारा

समजा, ३०० मुलांनी प्रवेश घेतला, २४० वेळेत पास झाली, १४० जणांनी प्लेसमेंटला नाव नोंदवलं आणि १२० जणांना नोकरी लागली. माहितीपत्रक म्हणेल, ८६ टक्के प्लेसमेंट. तुमच्या दृष्टीने ते ३०० पैकी १२०, म्हणजे ४० टक्के. 'हायेस्ट पॅकेज' तर एकाच मुलाचं असतं, त्यावरून काहीच ठरवू नका.

एनबीएचं मानांकन शाखेला मिळतं आणि नॅकचं कॉलेजला. तुमच्या शाखेला एनबीए आहे का, एवढं विचारा.

अल्पसंख्याक दर्जा समजून घ्या. सेंट फ्रान्सिसला रोमन कॅथलिक, ठाकूरला हिंदी भाषक आणि संघवीला गुजराती भाषक अल्पसंख्याक दर्जा आहे. अशा कॉलेजांत ५१ टक्क्यांपर्यंत जागा त्या समाजासाठी असतात. गोराईतल्या ईस्ट इंडियन कुटुंबांना याचा थेट फायदा होतो, त्यासाठीची कागदपत्रं वेळेत जोडा. उलट बाजूही आहे : खासगी विनाअनुदानित अल्पसंख्याक कॉलेजांना जातीनिहाय आरक्षण लागू नसतं. ओबीसी किंवा एससी प्रवर्गातल्या मुलांनी तिथला कट-ऑफ आपल्या प्रवर्गाचा समजून यादी लावू नये.

५. ऑप्शन फॉर्म : इथे क्रमच सगळं ठरवतो

२०२५-२६ च्या प्रवेशात कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिनांतला किंवा तिसरीत पहिल्या सहांतला मिळाला, की जागा आपोआप फ्रीझ होत होती. म्हणजे ती घ्यायची, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. क्रम लावायची पद्धत मात्र बदलत नाही :

१. ज्या जागा तुम्हाला खरोखर हव्यात त्या वर, मिळण्याची शक्यता कमी असली तरी. वर लिहिल्याने खालचा पर्याय हुकत नाही.
२. 'मिळेल म्हणून' घराजवळचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका. मिळालं की तिथेच अडकलात.
३. गेल्या दोन वर्षांचे कट-ऑफ पाहताना तुमचा प्रवर्ग आणि तीच फेरी बघा. शेवटच्या फेरीचा आकडा पाहून पहिल्या फेरीत निराश व्हायचं कारण नाही.
४. जे कॉलेज मिळालं तरी जाणार नाही, ते यादीत नकोच.
५. लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपीचा मोबाइल घरातच असू द्या. सायबर कॅफेवाल्याने किंवा क्लासने तुमच्या वतीने भरलेला फॉर्म तुम्ही स्वतः वाचल्याशिवाय लॉक करू नका.

६. फी, सवलत आणि तुमचे हक्क

खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. मंजूर आकडा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असतो. कॉलेजने त्याहून जास्त मागितलं तर आदेश दाखवा.

- टीएफडब्ल्यूएस : वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी ५ टक्के अधिकच्या जागा, शिकवणी फी माफ. ऑप्शन फॉर्ममध्ये याचा कोड वेगळा असतो. तो टाकला नाही तर जागाही नाही.
- राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती : आठ लाखांच्या आतल्या खुल्या गटातल्या मुलांना निम्मी शिकवणी फी.
- मुलींसाठी : २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांच्या आतल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ.
- अट : या सवलती कॅपमधून मिळालेल्या प्रवेशाला आहेत. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की सवलत गेली. अर्ज महाडीबीटीवर दरवर्षी करावा लागतो, एकदा केला की झालं असं नाही.

मॅनेजमेंट कोटा म्हणजे संस्थास्तरीय जागा. त्यासाठीही कॉलेजने जाहिरात देऊन अर्ज मागवायचे असतात आणि गुणवत्ता यादी लावायची असते. पावतीशिवाय मागितलेलं डोनेशन १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. 'आतून करून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला दिलेले पैसे परत मिळवायला तुमच्याकडे कागद नसतो.

प्रवेश रद्द करायचा असेल तर अंतिम तारखेआधी ऑनलाइन करा. तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमानुसार जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही. तपासणी करून परत द्या, असं लेखी मागा.

शैक्षणिक कर्ज घेताना व्याज कधीपासून सुरू होतं ते विचारा. हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरा.

७. चार वर्षांत कंपनी काय बघते

- बऱ्याच कंपन्या चालू केटी (सुटायचा राहिलेला विषय) असलेल्या मुलांना परीक्षेलाच बसू देत नाहीत. सातव्या सेमिस्टरआधी सगळ्या केटी काढा.
- प्रोजेक्ट विकत घेऊ नका. मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. लहान असू दे, स्वतःचं असू दे : सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणारं यंत्र बनवलंत आणि ते पावसाळ्यात का बंद पडलं हे सांगू शकलात, तर मुलाखत तुमच्या हातात.
- दुसऱ्या वर्षापासून एक इंटर्नशिप. पैसे देऊन मिळणारं प्रमाणपत्र म्हणजे इंटर्नशिप नव्हे.
- इंग्रजीत पाच मिनिटं आपल्या कामाबद्दल सलग बोलता आलं पाहिजे. मराठी माध्यमातून आलेल्यांनी रोज मोठ्याने सराव करावा, व्याकरणाची भीती नंतर जाते.

८. नोकरीच्या वाटा

- कॅम्पस : सर्वांत सोपी वाट, पण ऑफर लेटर आणि रुजू होण्याची तारीख यांत महिने जाऊ शकतात. २०२२ च्या तुकडीतल्या काहींना दोन वर्षं थांबावं लागलं होतं. जॉइनिंग होईपर्यंत अर्ज करणं थांबवू नका.
- अप्रेंटिसशिप : पदवीनंतर एक वर्ष, विद्यावेतनासह. नोंदणी एनएटीएस पोर्टलवर. पश्चिम विभागाचं कार्यालय सायनलाच आहे. कॅम्पस हुकलेल्या कोअर शाखांच्या मुलांना ही वाट अनेकदा माहीतच नसते.
- सरकारी : महापालिकेचे दुय्यम आणि कनिष्ठ अभियंता, रेल्वेचे ज्युनिअर इंजिनिअर, एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा. भरती दरवर्षी निघेलच असं नाही. एका वर्षापेक्षा जास्त काळ फक्त याच तयारीत घरी बसू नका.
- गेट : एमटेकच्या प्रवेशाला तर उपयोगी पडतेच, काही सार्वजनिक कंपन्याही याच गुणांवर घेतात. अंतिम वर्षातच द्या, अभ्यास ताजा असतो.

नोकरीसाठी 'रजिस्ट्रेशन', 'डिपॉझिट' किंवा 'लॅपटॉप चार्ज' मागितला, तर ती नोकरी नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा.

९. पॅकेज किती आणि हातात किती?

३ लाख ६० हजारांचं पॅकेज म्हणजे महिना तीस हजार, असं घरोघर धरलं जातं. मूळ वेतन १५ हजार धरून एक नमुना हिशेब पाहा :

- कामगिरीवर अवलंबून, वर्षाअखेरीस मिळालं तर मिळणारं : ३६,०००
- कंपनीचा पीएफ वाटा : २१,६००
- ग्रॅच्युइटी : सुमारे ८,६५०
- विमा हप्ता : ६,०००

हे वजा केल्यावर वर्षाला सुमारे २ लाख ८७ हजार, म्हणजे महिना जवळपास २४ हजार उरले. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साधारण २२ हजार. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, तुमच्या स्लिपवर कापला असेल तर विचारा.

ऑफर पुण्याची किंवा बंगळुरूची असेल, तर भाडं आणि खाणं याच २२ हजारांतून. तेव्हा गोराईतून जाता येईल अशी, पॅकेजने थोडी कमी पण काम शिकवणारी जागा पहिल्या दोन वर्षांसाठी जास्त परवडू शकते.

१०. बाँडवर सही करण्याआधी

'बाँड कोर्टात टिकतच नाही' हे ऐकीव आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. तेव्हा सही करताना हे तपासा :

- मुदत प्रशिक्षणाच्या दिवसापासून मोजली जाते की रुजू झाल्यापासून?
- रक्कम ठरावीक आहे की राहिलेल्या महिन्यांनुसार कमी होत जाते?
- कंपनीनेच काढून टाकलं तरी ती लागू होते का?
- मूळ गुणपत्रिका किंवा कोरा धनादेश मागितला आहे का? दोन्हींना नकार द्या.

नियुक्तिपत्र लेखी घ्या. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते बंधनकारक केलं आहे.

११. रोमानियाची जाहिरात दिसली तर

अलीकडे 'युरोपात नोकरी, आयईएलटीएस नको' अशा जाहिरातींत रोमानियाचं नाव हमखास असतं. रोमानियाने २०२२ ते २०२५ या काळात दरवर्षी एक लाख परदेशी कामगारांचा कोटा ठेवला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो देश पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे, हे खरं. पण त्या जागा प्रामुख्याने बांधकाम, हॉटेलं आणि डिलिव्हरीच्या. इंजिनिअर त्यांचेही दरवर्षी तयार होतात, आणि त्यांतले बरेच चांगल्या पगारासाठी पश्चिम युरोप गाठतात. तुमची डिग्री तिथे आपोआप इंजिनिअरचं पद मिळवून देत नाही.

- कामाचा परवाना तिथली कंपनी काढते. तो त्या कंपनीपुरता असतो. परवान्यावरचं पदनाम वाचा, जाहिरातीतलं नव्हे.
- पर्यटक व्हिसावर जाऊन 'तिथे करून घेऊ' म्हणणाऱ्याला नमस्कार करा.
- एजंटचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटला ३० हजार रुपये आणि जीएसटीपेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

१२. आता लगेच काय कराल?

- मूल अकरावीत असेल तर : जात वैधतेचा अर्ज याच महिन्यात.
- प्रवेश तोंडावर असेल तर : पाच कॉलेजांचे ते चार आकडे आणि मंजूर फी एका कागदावर मांडा, मगच ऑप्शन फॉर्म उघडा.
- पदवी सुरू असेल तर : चालू केटी आणि स्वतःचा एक प्रोजेक्ट, या दोनच गोष्टींचा हिशेब दर सेमिस्टरला.
- ऑफर हातात असेल तर : सहीला दोन दिवस मागून घ्या. वाचायला वेळ द्यायलाच तयार नसलेली कंपनी पुढे सुट्टी कशी देईल, याचाही अंदाज त्यावरून येतो.